राखाडी छटांसाठी प्रोफाइल वेगळंच हवं

रंगीत छपाईसाठी बनवलेलं प्रोफाइलच (ठरावीक शाई-कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) कृष्णधवल फोटोंना लावलं तर सावल्या हिरवट का दिसतात, असा प्रश्न आहे. त्या मार्गाने प्रिंटर करड्या छटा बऱ्याच अंशी सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून घडवतो. त्यामुळे ट्यूबलाइटखाली जुळलेला या शायांचा तोल प्रिंट खिडकीपाशी नेली की बिघडू शकतो आणि अशी झाक दिसते. एप्सनचा अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड मुख्यतः काळ्या-करड्या शाया वापरतो, रंगीत शाई अगदी थोडी. मी तोच सुचवेन.

मात्र त्याला रंगीत प्रोफाइल लागू पडत नाही, ग्रेस्केल म्हणजे फक्त करड्या छटांचं प्रोफाइल लागतं. क्वाडटोनरिप या कृष्णधवल छपाईच्या सॉफ्टवेअरसोबत ते बनवायचं छोटं साधन मिळतं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत 21 पायऱ्यांची पट्टी रंगव्यवस्थापन (प्रोफाइलनुसार रंग बदलणं) बंद ठेवून छापा, निदान रात्रभर सुकू द्या (घाई इथेच नडते), स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजा आणि मोजमापांची फाइल त्या साधनाला द्या. त्याआधी 85 ते 100 टक्के काळ्या पायऱ्यांचे आकडे स्वतः बघा. मॅट कागदाचा काळा मुळातच उथळ असतो. शेजारच्या दोन पायऱ्यांचा एल (उजळपणाचा आकडा) सारखाच आला, तर तिथला हरवलेला तपशील कुठलंही प्रोफाइल परत आणणार नाही. प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला टोन 'डार्कर'वरून 'डार्क' किंवा 'नॉर्मल' करून पट्टी पुन्हा छापा.

आणि हे प्रोफाइल फक्त उजेड-अंधाराची चढण सरळ करतं. ऊबदार किंवा थंड झाक हवी असेल तर ती ड्रायव्हरच्या रंगचक्रावर आधी ठरवा, मग पट्टी छापा. नंतर चक्र हलवलंत तर मोजणी नव्याने करावी लागेल.