काळ्या-तांबड्या खापरांच्या थरात निळी झिलई: काळ कुठला धरायचा?

पंचगंगाकाठ:
कोल्हापुरात नदीकाठच्या ट्रेंचमध्ये दीड मीटरवर एकाच थरात काळी-तांबडी खापरं आणि निळ्या झिलईचे दोन तुकडे निघालेत. थराचा काळ कसा ठरवायचा? थर्मोल्युमिनेसन्सला (खापर शेवटचं तापल्यापासून त्यात साठलेला किरणोत्सर्गाचा परिणाम मोजून काळ काढणारी चाचणी) काय पाठवू? पाटीभर खापरं धुऊन उन्हात वाळत घातलीत.

थरकरी:
आधी तो थर खरंच एक आहे का बघा. थर त्यातल्या सगळ्यात अलीकडच्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही. म्हणजे झिलई त्या थरातलीच असेल, तर काळी-तांबडी खापरं पोतंभर निघाली तरी काळ झिलईचा किंवा त्यानंतरचाच. पण बहुतेकदा भानगड खड्ड्याची असते. तुमच्या कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकाडावर पुरातत्त्वज्ञ सांकलिया-दीक्षित यांच्या १९४५-४६च्या उत्खननात सातवाहन आणि बहमनी, दोन्ही काळांच्या वस्त्या मिळाल्या. अशा टेकाडावर वरच्यांचे खड्डे खालच्या थरात घुसणारच. ट्रेंचची भिंत थापीनं खरडा, पाण्याचा हलका फवारा मारा. भुसभुशीत, राखाडी मातीचा वाडग्यासारखा आकार दिसला की तो खड्डा. त्यातली खापरं वेगळ्या पिशवीत, वेगळ्या नंबरानं. उंदराची बिळंही तपासा.

काठ-बूड:
नुसत्या काळ्या-तांबड्यावर काळ ठरवू नका भावा. महापाषाणीय (मोठ्या दगडांची दफनं करणाऱ्या) लोकांपासून सातवाहनांपर्यंत ती भांडी चालूच होती. पोटाचे तुकडे मोजून बाजूला ठेवा, काठ आणि बुडं निवडा. काठ सपाट पाटावर पालथा धरून हलवत राहा. खालून उजेडाची फट दिसेनाशी झाली की तो खरा कल. मग वर्तुळांच्या तक्त्यावर व्यास. घेर ५ टक्क्यांहून कमी उरला असेल तर व्यास लिहूच नका. बुडाच्या आतल्या अंगाला टोचलेल्या बारीक खुणांच्या गोल रांगा दिसल्या तर ते रूलेटेड, सातवाहन काळाला भक्कम पुरावा.
झिलई म्हणजे बहमनी हेही गृहीत धरू नका. मोडलेल्या कडेला पिवळसर मऊ माती आणि वर जाड हिरवट-निळा थर असेल, तर माल इराकच्या बाजूचा, बहमनींच्या आधीचाही असू शकतो.

काजळी:
उन्हात ठेवलेली खापरं अगदीच बाद नाहीत. प्रयोगशाळेत वरचा सुमारे २ मिमी थर काढूनच टाकतात. खरं नुकसान वेगळंच: तुकड्याभोवतालची माती आणि तिचा ओलावा गेला, आणि खापराला वर्षाकाठी मिळणारा किरणोत्सर्ग काढायला ती दोन्ही लागतात. म्हणून नवे तुकडे घ्या. १ सेंमी जाड, ३ सेंमी रुंद, सर्व बाजूंनी ३० सेंमी एकच माती असलेल्या जागेतले. न धुता, लगेच काळ्या पिशवीत, सोबत मूठभर माती दुहेरी पिशवीत घट्ट बांधून.
चूक ५ ते १० टक्के धरा. सातवाहन की बहमनी एवढं नक्की कळेल. सातवाहनांचा आरंभ की अखेर, ते नाही. शिवाय घर जळालं असेल तर तारीख आगीची येते, भट्टीची नव्हे.
कार्बन-१४ नं काळ काढायचा तर भांड्याबाहेरची काजळी नको, ती जुन्या लाकडाचं वय दाखवते. जळकं धान्य मिळालं तर तेच पाठवा.

थरकरी:
आणि धुतलेल्यांवर नंबर घालाल तो आतल्या अंगाला, खाली पॅरालॉइडचा (पारदर्शक रेझिनचा) पातळ हात देऊन. मोडलेल्या कडेवर शाई लागली की पुढं तुकडे जुळवताना तिथंच अडतं.