मदत हवी आहे : रिपोर्ट चांगले आले, त्रास मात्र तसाच आहे

माझे वय 58 असून पाळी बंद होऊन सात वर्षे झाली आहेत. चार महिन्यांपूर्वी कपड्यांवर फिकट तपकिरी डाग दिसला, तो मी मूळव्याधीचा समजून सोडून दिला. पुढच्या आठवड्यात स्पष्ट लाल जाऊ लागले, तेव्हा मात्र स्वतःची समजूत घालणे शक्य झाले नाही.

पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर थेंबभर रक्त गेले तरी तपासणी करावीच लागते, असे सांगून डॉक्टरांनी योनीमार्गातून सोनोग्राफी केली. रक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या अस्तराची जाडी 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर अस्तराच्या कर्करोगाची शक्यता एक टक्क्यापेक्षाही कमी असते. माझी जाडी 7 मिलिमीटर निघाल्यामुळे बारीक नळीने बायोप्सी घेतली. तिचा रिपोर्ट आला, ‘नमुना अपुरा’. ह्या दोन शब्दांनी मला जेवढे छळले तेवढे दुखण्यानेही छळले नाही, कारण माझ्यापासून काहीतरी लपवले जात आहे असेच मला वाटत राहिले. या वयात अस्तरातून पुरेसा नमुना न मिळणे नवलाचे नाही, पण जाडी जास्त असताना तेवढ्यावर थांबता येत नाही, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून तपासणी झाली, तिच्यात दिसलेला लहानसा पॉलिप (अस्तरावरची गाठीसारखी वाढ) काढला, आणि त्याच्या तपासणीत कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही.

ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. ओटीपोटातला जडपणा, योनीमार्गातली कोरडी जळजळ आणि रात्री तीनदा लघवीला उठणे हे सारे अजून तसेच आहे; लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग आढळलेला नाही. त्यात चार दिवसांपूर्वी पुन्हा गुलाबी डाग दिसला. डॉक्टरांची पुढची वेळ 12 दिवसांनी आहे. शौचालयात गेल्यावर आधी रंग पाहायचा, मग श्वास सोडायचा, अशी सवय मला जडली आहे. ‘रिपोर्ट चांगला आहे ना, मग झाले तर!’ असे यजमान म्हणतात. ते खरे आहे, पण रात्री दोन वाजता ते पुरत नाही.

ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे, की हा डाग जुन्याच प्रकरणाचा शेष मानून 12 दिवस थांबावे का, जळजळीसाठी लावलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या मलमाने फरक पडला का, आणि दहा मिनिटांच्या भेटीत नेमके काय विचारावे.

प्रतिसाद :

ताई, मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षांपूर्वी याच वाटेने गेले आहे. पहिली विनंती अशी, की नव्या डागाची बातमी 12 दिवस स्वतःपाशी ठेवू नका. उद्याच दवाखान्यात फोन करून कळवा. पॉलिप काढल्यावर काही दिवस थोडे रक्त जाऊ शकते, पण दोन महिन्यांनी दिसलेल्या डागाची नोंद नव्यानेच व्हायला हवी. याचा अर्थ काही वाईट घडले आहे असा नव्हे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण नव्वद जणींमध्ये कारण कर्करोगाचे नसते, आणि इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीमार्गाची आतली त्वचा नाजूक होणे हे त्यांतले फार सामान्य कारण आहे. मूत्रमार्ग आणि मूत्राशय यांनाही इस्ट्रोजेनची गरज असते, त्यामुळे जळजळ आणि वारंवार लघवी ही दोन्ही एकाच मुळाची असू शकतात.

मला मलमाने फरक पडला, परंतु तो आठवड्याभरात नव्हे. पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा लावूनही नीट उतार पडायला जवळपास तीन महिने लागले. मात्र नव्या डागाची तपासणी होण्यापूर्वी ते आपल्या मनाने सुरू करू नये, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर त्या डॉक्टरांनाही विचारावे.

भेटीत मी हे विचारले असते : दुर्बिणीतून गर्भाशयाची पोकळी पूर्ण दिसली का, पॉलिप मुळासकट निघाला का, आणि अस्तराचा नमुना वेगळा घेतला होता का? तुमच्या मजकुरात केवळ पॉलिपच्या तपासणीचा उल्लेख आहे, म्हणून शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. रक्त योनीमार्गातून, गर्भाशयमुखातून की मूत्रमार्गातून येते हेही प्रत्यक्ष पाहून सांगायला लावा. सोनोग्राफीत अंडाशय स्पष्ट दिसले होते का, हे जडपणासाठी विचारायलाच हवे. पोट सतत फुगत असेल किंवा चार घासांतच भरत असेल तर तेही आवर्जून सांगा. पॅप स्मिअर चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका, ती तपासणी गर्भाशयमुखाची असते.

डाग पाहण्याची सवय माझीही होती. वहीत तारीख, रंग आणि प्रमाण लिहून वही मिटायची, एवढे ठरवल्यावर ती बरीच आटोक्यात आली.

मूळ लेखिका :

मनापासून आभार. रिपोर्ट आत्ताच काढून पाहिला. त्यात ‘पॉलिप’ एवढेच लिहिले आहे, अस्तराच्या नमुन्याचा उल्लेख नाही. सकाळी फोन करते आणि हा प्रश्न सर्वांत आधी विचारते.