मदत हवी आहे: फणसाच्या गिटारला पिकअप लावला, नुसती गुं गुं येते

धागा_कर्ता: घरीच तीन तारांची गिटार केली. परसातला फणस पडला होता त्याच्या फळीची. पिकअप (तारेचा आवाज पकडून अ‍ॅम्पला देणारा भाग) ऑनलाइन मागवला, जोडला, अ‍ॅम्प लावला तर नुसती गुं गुं, तारेचा आवाज नाहीच. चवथ तोंडावर आलीय, आरतीला वाजवणार म्हणून वाड्यावर सगळ्यांना सांगून बसलोय. लवकर सांगा.

सोल्डरवाला: कुठला पिकअप? पिएझो की मॅग्नेटवाला? आणि अ‍ॅम्प कुठला?

फोंडेकर_बाळ: फणस कधी पडला ते आधी सांग रे. इंचभर जाड फळी सुकायला वर्ष जातं, आपल्याकडच्या हवेत जास्तच. ओली असेल तर मान वाकणार, लिहून ठेव.

धागा_कर्ता: गेल्या पावसात पडला. पण मान वाकली नाहीये हो, आवाज येत नाहीये! पिकअप साधाच, लांबट काळा, सहा ठिपकेवाला. अ‍ॅम्प देवळातल्या माईकचा.

वीणाप्रेमी: फणसाला नावं ठेवू नका, दक्षिणेत वीणा फणसाचीच करतात.

फोंडेकर_बाळ: नावं कोण ठेवतंय? मी सुकवण्याबद्दल बोलतोय.

डोंगुर्ली: वाळवी लागू नये म्हणून आतून काजूच्या बियांच्या टरफलांचं तेल लावा, होडीला लावतात ते.

सोल्डरवाला: वाळवी कोणी विचारली? @धागा_कर्ता, अ‍ॅम्प चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरने त्या ठिपक्यांवर हळूच टकटक कर. काय येतं?

धागा_कर्ता: ठक ठक जोरात येतं. स्क्रूड्रायव्हर चिकटतो पण.

सोल्डरवाला: मग पिकअप ठणठणीत आहे. तारा कसल्या?

धागा_कर्ता: तंगूस. गरीची, जाड. घरात पडलेली होती.

सोल्डरवाला: 😂 पात्रांव, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना. हा पिकअप लोखंडी तार हलली की तिने बदललेलं चुंबकीय क्षेत्र पकडतो, तंगूस त्याला दिसतच नाही. एकतर स्टीलच्या तारा चढव नाहीतर २७ मिमीची पिएझो चकती घोडीखाली (तारा टेकतात ती पट्टी) चिकटव, ती थरथर पकडते, तार कसली याच्याशी तिला देणंघेणं नाही.

फोंडेकर_बाळ: स्टील चढवलं तर ताण वाढणार आणि मान वाकणार. म्हटलं होतं.

सोल्डरवाला: म्हणूनच पिएझो. फक्त माईकच्या इनपुटला थेट जोडलास तर किरकिरा, पातळ आवाज येईल, पिएझोला १ मेगाओमच्या आसपास इनपुट लागतं, मध्ये छोटा बफर (पिएझो आणि अ‍ॅम्प जुळवणारं सर्किट) टाक. वायर शिल्डवाली घे, गुं गुं बरीचशी तिथेच मरेल.

वीणाप्रेमी: आरतीला गिटार कशाला पण? आपलं मातीचं चामडं लावलेलं वाद्य, घुमट, आहे ना.

डोंगुर्ली: घुमटाला आता घोरपडीचं कातडं चालत नाही, १९७२ च्या कायद्याने बंदी, बकरीचं लावतात. तो नाद नाही राहिला.

वीणाप्रेमी: आमच्या पार्टीला बकरीचंच आहे, उत्तम वाजतं. कान तपासा.

धागा_कर्ता: घुमटवाले वेगळा धागा काढा कृपया. सोल्डरवाला, चकती टेपने चिकटवली तर चालेल की फेविक्विकच पाहिजे?