व्यायल्यावर गाय बसली ती उठेना... तुमचे अनुभव?

पहाटेची धार: शेजारची गाय काल व्याली आणि बसली. मान कुशीकडे वळवलेली, कान गार. पाहिलं आणि आमची चौथ्या वेताची जर्सी आठवली. चिकातून कॅल्शियम इतकं जातं की रक्तातलं एकदम उतरतं. दुग्धज्वर म्हणतात, पण ताप कसला, अंग उलट थंडगार. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली कोमट करून शिरेतून अगदी हळू सोडली, भरभर दिलं तर हृदयावर येतं म्हणे. बाटली संपत आली तशी ती थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं. डॉक्टर हसले, म्हणाले आता उठेल. तुम्हीही लिहा.

कासरा: आमची कॅल्शियमने नाही उठली. वासरू मोठं, ओढून काढलेलं, मागच्या पायांची नस दबलेली. चारा खायची, रवंथ करायची, मागचं धड तेवढं उचलेना. फरशीवरून ताडपत्रीवर घालून मातीत नेली, खाली जाड पेंढा. दर तीन-चार तासांनी कूस पालटायची, नाहीतर खालच्या पायाचं मांस मरतं. रात्रपाळी सासूबाई आणि मी. दोघींच्या कमरा गेल्या, गाय उठली!

दावं: पाय फाकत होते का? आमच्याकडे दोन्ही मागच्या पायांत सैल दोरी बांधायला सांगितली होती, हातभर अंतर ठेवून.

कासरा: हो, तसंच केलं. दूध उतू जातंय, आले.

उंबरा: गाय बसली की गावभर वैद्य उगवतात. एकजण नळीने काढा ओतायला निघाला. गिळायचं बळ नसताना ओतलं तर फुप्फुसात जातं! बाबांनी नळीच हिसकावली. शेपूट पिरगळणारे वेगळेच. त्यापेक्षा आडवी पडू नये म्हणून कुशीला पोती लावा, पोट फुगत नाही.

सांजवात: आमची नाही उठली. डॉक्टर येऊन येऊन थकले. शेवटी शेवटी नुसती वासराकडे बघायची. जास्त नाही लिहवत.

दावं: अरेरे. वासरू?

सांजवात: कालवड. दुसरीच्या चिकावर वाढवली. आता गाभण आहे आणि मारकी आहे, माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही.

उंबरा: लाडावलीये!

दावं: पहिलारू मारकी म्हणजे धारेला कठीण. आत्तापासून कासेवरून हात फिरवा रोज.

सांजवात: फिरवते. परवा बादली उडवली.