बालीचं तिकीट काढलंय पण मन दोन्हीकडे ओढतंय, काय करू?

पाठीवरचं_घर
नमस्कार मंडळी. मी कोथरूडचा. नोकरी सोडलीये आणि जानेवारीपासून तीन महिने एक सॅक घेऊन हॉस्टेलांत राहत फिरणारे, व्हिएतनाम, लाओस, मलेशिया आणि शेवटी मार्चमध्ये १२ दिवस बाली. बाकी कुठल्याच देशाबद्दल मनात किंतु नाही, फक्त बालीबद्दल आहे. मागच्या महिन्यात मित्र जाऊन आला, त्याने लेम्पुयांगच्या देवळाचा व्हिडिओ दाखवला, त्या प्रसिद्ध दरवाज्यात फोटो काढायला लोक नंबर घेऊन तासन्‌तास बसलेत आणि खाली जे पाण्यातलं प्रतिबिंब दिसतं ते पाणी नाहीचे, फोटो काढणारा मोबाईलखाली आरसा धरतो. मन उडालं माझं. पण त्याच व्हिडिओत मागे एक बाई वाकून पायरीवर पानाची छोटी परडी ठेवत होती, त्यात फुलं, भाताची चार शितं, वर उदबत्ती, आणि रांगेतला एक जण मोबाईलमध्ये बघत त्या परडीवरूनच पाय टाकून गेला. तिने काही न बोलता ती सरळ केली. हे डोळ्यांसमोरून जात नाहीये. गर्दीमुळे आम्ही घरच्यांनी भुशी डॅमला जायचं सोडलं, मग दुसऱ्याच्या दारात जाऊन तीच गर्दी मी करायची का? पण जावंसंही खूप वाटतंय. बॅकपॅक करून कुणी गेलं असेल तर खरं सांगा, १२ दिवस ठेवू, कमी करू की सोडूनच देऊ?

सिंहगड_पायथा
जा रे बिनधास्त. मी २०२३ ला तीन आठवडे होतो. कुटा, चांगू ह्या दक्षिणेच्या पट्ट्यात ट्रॅफिक इतकं की आपला हिंजवडीचा चौक बरा, आणि पावसाळ्यात, तिकडे विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, किनाऱ्यावर प्लास्टिकचा ढीग येऊन पडतो. तिथं दोन दिवसांवर राहू नकोस. सिदेमेन, मुंडुक, आमेद ह्या कमी गर्दीच्या गावांकडे जा. व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हे) आणि २०२४ पासून वेगळी दीड लाख रुपियाची टुरिस्ट लेव्ही, दोन्ही बजेटमध्ये धर. स्कूटर चालवणार असशील तर इंटरनॅशनल परमिट इथूनच काढ, नाहीतर काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

निवांत_प्रवासी
दादा, कमी गर्दीचं गाव शोधा हा सल्ला मला पटत नाही, माफ करा. आज सिदेमेन सांगतोय, पाच वर्षांनी तिथंही तेच होणार. बालीची लोकसंख्या ४५ लाखांच्या आत आणि वर्षाला फक्त परदेशी टुरिस्टच ६० लाखांच्यावर, एकट्याने न जाऊन त्यात काय फरक पडणार? थायलंडची माया बे बघा, २०१८ ला सरकारने बंदच केली, २०२२ ला उघडली तेव्हा बोटींना खाडीत यायची बंदी, मागच्या बाजूला उतरायचं, माणसं मोजून सोडायची, आणि शार्क परत आले तिथं. हे त्या जागेच्या सरकारनेच करायचं काम आहे. तू स्वतःला गुन्हेगार समजू नकोस.

मावळची_लेक
मला दोघांशी थोडं वेगळं बोलायचंय. माझं माहेर मुळशीकडचं. आमच्या खाचरांत इंद्रायणी व्हायचा, भात फुलोऱ्यात आला की घरापर्यंत वास, आज तिथं प्लॉटिंग आहे आणि वीकेंड बंगले, एकाने भराव टाकला की खालच्या चार जणांचं पाणी तुटतं, हे मी वडिलांना सहन करताना बघितलंय. बालीतल्या जातीलुविहच्या भातखाचरांच्या बांधावर उभी राहिले तेव्हा मला रडू आलं. तिथल्या पाणीवाटपाला सुबाक म्हणतात, आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीसारखं सगळ्यांनी मिळून चालवायचं, कुणी कधी लावणी करायची ते पाण्याच्या देवळात ठरतं, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत आलंय. आणि त्याच बेटावर असल्याच शेतांत पूलवाले व्हिला उठतायत. म्हणून जाऊ की नको ह्यापेक्षा कुठं उतरायचं हे बघ. शेतातल्या व्हिलात नको, गावातल्या घरात उतर, त्यांच्याकडेच जेव, दोन वेळा गाव बदलण्यापेक्षा एकाच ठिकाणी रहा.
अजून एक, २०२६ ला न्येपी, म्हणजे बालीचा मौन पाळायचा नववर्षाचा दिवस, १९ मार्चला आहे, आपला पाडवाही त्याच दिवशी, त्यांचं शक वर्ष १९४८ आणि आपलंही शके १९४८! त्या दिवशी विमानतळसुद्धा २४ तास बंद, रस्त्यावर कुणी नाही, रात्री दिवे नाहीत. टुरिस्टनेही आतच बसायचं. मी अनुभवलंय, अंगणातून इतके तारे मी आयुष्यात बघितले नव्हते.

पाठीवरचं_घर
ताई, तुमचं वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ठरलं, ८ दिवस, सगळे सिदेमेनला एकाच घरी, १९ मार्च धरूनच. लेम्पुयांग नाही. निवांत, तुमचा मुद्दा पटला तरी पोटातलं ओझं काही गेलं नाही, ते घेऊनच जाईन. आई विचारतेय, पाडव्याला तिकडे कडुनिंब मिळेल का?

मावळची_लेक
मिळतो की! इंतरान म्हणतात त्याला. फक्त न्येपीला चूल पेटत नाही आणि बाहेर पडता येत नाही, त्यामुळे पाला आणि गूळ आदल्या दिवशीच आणून ठेव.