बाळ यायच्या आधीची तयारी : तुमच्याकडे खरंच काय लागलं, काय पडून राहिलं?

सुगरण_चिमणी

परवा भाचीचा फोन आला. सातवा लागलाय तिला. म्हणाली, मावशी यादी पाठवते, काय राहिलंय बघ. उघडली तर एक्सेलची शीट, रंगीबेरंगी रकाने. त्यात वाइप्स कोमट ठेवायचं यंत्र, बाटल्या उकळायचं वेगळं यंत्र, बाळ का रडतंय ते सांगणारं ॲप. लंगोट मात्र कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, "डायपर लिहिलेत ना मावशी."

तेव्हापासून आईची ट्रंक डोळ्यासमोरून हलत नाहीये. माझ्या वेळी तिने स्वतःच्या, आत्याच्या आणि शेजारच्या काकूंच्या जुन्या सुती साड्या गोळा करून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून फाडल्या होत्या. काठ आधी काढायचे, ते टोचतात. दुपट्यांना शिवण घालायचीच नाही, नुसते मोठे चौकोन. झबली पुढून उघडी, बंदांची, कारण तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, डोक्यातून काही घालायला गेलं की आपलेच हात कापतात. सासूबाईंनी बजावलं होतं की बाळ यायच्या आधी घरात नवीन काही आणायचं नाही. आईचं म्हणणं, साड्या जुन्याच आहेत, मी आणलंय काय? पण तरी ट्रंकेला कुलूप घातलंच तिने, कोणी बघायला नको म्हणून.

तर लिहा. पहिल्या सव्वा महिन्यात काय हाताशी लागलं, काय नुसतंच कपाटात बसलं. भाचीला धागा वाचायला देणार आहे, तेव्हा सासूपुराण बेताने. :)

निवडुंग

बेताने म्हणजे किती? फिदीफिदी

पावशेर_शेंगदाणे

चिपळूण. जुलै. एवढं सांगितलं की कळलं का?

कपडे वाळतच नाहीत हो. लंगोट सकाळी धुतलेला रात्रीही दमट, आणि त्याला तो वास. डायपर तेव्हा फक्त डॉक्टरकडे जाताना. मग आजीने बांबूची मोठी टोपली शेगडीवर उपडी घातली आणि तिच्यावर लंगोट पसरले. निखाऱ्यावर राख सारून ठेवायची, ज्वाळ नको. तासाभरात कडकडीत. माझा भाऊ तेव्हा चौथीत होता, त्याची ड्यूटी टोपलीपाशी. त्याला अजून आम्ही लंगोट खात्याचे मंत्री म्हणतो, आता सीए आहे तो.

म्हणून माझं एकच म्हणणं, यादी करायच्या आधी कॅलेंडर बघा. पावसाळ्यात बाळ येणार असेल तर कपडे दुप्पट आणि घरात दोऱ्या बांधून ठेवा.

माया_नागपूर

आमचं उलटं! मे महिना. लंगोट पाच मिनिटात पापडासारखे. आई टोपडं घाल, कुंची घाल म्हणून मागे लागायची आणि बाहेर ४५. पोराच्या मानेवर घामोळं उठलं. बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः काय घातलंय ते बघा, बाळाला त्याहून एखादाच कपडा जास्त पुरे. त्यानंतर पोरगं एका झबल्यावर, आणि कूलरचा झोत भिंतीकडे वळवलेला. नातेवाइकांनी दिलेले लोकरीचे स्वेटर डिसेंबरात काढले तर एकही होईना. बाळंतविड्यात स्वेटर देणाऱ्यांनो, थोडा मोठा मापाचा द्या ना बाबा.

सुगरण_चिमणी

@माया, बाळंतविड्यात सगळे शून्य मापाचंच देतात. दोन महिन्यांत संपतं ते प्रकरण. सहा महिन्यांचा कपडा दिला तर देणाऱ्याला वाटतं चुकीचं दिलं.

दोडका

बाबालोकांनी लिहिलं तर चालेल ना?

आमची मुलगी ३२ आठवड्यांची, वजन १४०० ग्रॅमच्या आसपास. पिशवी भरलेलीच नव्हती, सगळं "पुढच्या रविवारी" आणायचं ठरलं होतं. आणि गंमत म्हणजे काही लागलंच नाही. एनआयसीयूत (तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग) बाहेरचा कपडा चालत नाही, सगळ्यात लहान डायपरसुद्धा तिच्या काखेपर्यंत यायचा, सिस्टर तो दुमडून बांधायच्या. लागल्या त्या तीनच गोष्टी: लोकरीची टोपी, पायमोजे आणि दूध काढायचा पंप. पंप कुठे मिळतो, भाड्याने मिळतो का, हे रात्री शोधत बसलो होतो.

आणि माझा पुढून बटणांचा शर्ट. कांगारू केअरसाठी. बाळाला फक्त डायपर आणि टोपी घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून शर्ट आणि चादर. आईला टाके होते म्हणून पहिले काही दिवस मी बसायचो, सलग तास दीड तास. टीशर्टवाल्या बाबांना परत पाठवायचे. बायकोने नंतर तिच्या मैत्रिणीला यादी दिली त्यात पहिलीच ओळ, "नवऱ्याचे बटणांचे शर्ट, धुतलेले, ४".

पावशेर_शेंगदाणे

दोडका, मुलगी कशी आहे आता?

दोडका

आठवीत. माझेच शर्ट ढापून घालते.

निवडुंग

_/\_

हिरवी_मिरची_ॲम्स्टरडॅम

नेदरलँड्समध्ये झालं माझं दुसरं. इथे घरी बाळंतपण अजूनही बऱ्याच जणी करतात, मी दवाखान्यातच गेले, पण तयारी सगळ्यांना घराचीच सांगतात. विमा कंपनीकडून खोकं येतं, क्राम्पाक्केत म्हणतात. त्यात बाळाचं असं फारसं काही नाही! बाळंतिणीचे मोठे पॅड, गादीवर घालायचे कागद, गॉझ, नाळेची क्लिप. आणि मिडवाइफ सांगते की पलंग उंच करा. पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावायचे, गादी कमरेच्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे तपासायला येणाऱ्या बाईची पाठ मोडत नाही. ठोकळे भाड्याने मिळतात. माझी आई भारतातून आली, तिला वाटलं खाली सामान ठेवायला केलंय. तिने खरंच दोन सूटकेस सरकवल्या.

मग आठवडाभर रोज एक बाई घरी येते (या सेवेला क्राम्झोर्ख म्हणतात), बाळाला न्हाऊ घालते, टाके बघते, पाहुण्यांना चहा देते, मोठ्या लेकाला शाळेत सोडते. आई पहिल्या दिवशी तिच्यावर रुसली होती. मग दोघी मिळून लोखंडी गरम पाण्याच्या बाटलीला लोकरीचं कव्हर घालत बसल्या. ती बाटली पाळण्यात ठेवायची, बाळापासून हातभर लांब, झाकण घट्ट, हे तिने आईला तीनदा खुणांनी सांगितलं.

आणि पाहुण्यांना काय द्यायचं इथे? कोरड्या टोस्टावर लोणी आणि वर साखर चढवलेली ॲनिस, म्हणजे बडीशेपेची विलायती बहीण. मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळी. बाळंतिणीला दूध येतं म्हणे त्याने. आईने एक दाणा चावला आणि म्हणाली, "आपली बाळंतशेप का नाही घालत, ही गोड आहे नुसती."

माया_नागपूर

हाहाहा आई जिंदाबाद

कुंकवाचा_करंडा

बाळंतशेपेवरून आठवलं, शेगडीची धुरी कोणी दिली की नाही? आमच्याकडे ओवा, बाळंतशेप, वावडिंग. न्हाऊ झालं की बाळाचे कपडे धुरीवरून फिरवायचे. तो वास आला की मला अजून झोप येते. बाळगुटीचं साहित्य पण यादीत घाला, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम, आणि सहाण विसरू नका. रोज किती वेढे उगाळायचे ते मोठ्या बायकांना विचारा.

डॉक_नाही_पण_नर्स

धूर बाळापर्यंत जाऊ देऊ नका, खोली बंद करून तर अजिबात नको. पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. गुटी, मध, ग्राइपवॉटर सगळं त्यात आलं. मध तर वर्षाच्या आत नकोच. काजळ डोळ्यात नको. नाळेला हळद, तेल, पावडर काही लावू नका, कोरडी ठेवली की आठवड्या दोन आठवड्यांत आपोआप पडते. पाळण्यात उशी नको, मोहरीचीही नको. पाठीवर झोपवा.

रात्रपाळी संपवून लिहितेय, तुटक वाटलं तर माफ करा.

कुंकवाचा_करंडा

आम्ही सगळे गुटी पिऊनच वाढलो की.

डॉक_नाही_पण_नर्स

जे नाही वाढले ते धाग्यावर लिहायला येत नाहीत काकू.

निवडुंग

पॉपकॉर्न?

सुगरण_चिमणी

नको निवडुंग. करंडाताई, वासापुरती धुरी, तीही बाळ दुसऱ्या खोलीत असताना. मिटवा इथेच. पुढे.

अबोली१७

मी जरा वेगळं लिहिते. आमची लेक दत्तक. नोंदणी करून तीन वर्षं होत आली होती, आणि त्या काळात घरात एक झबलंही आणलं नव्हतं. आणायचं तर कुठल्या मापाचं? मूल दोन महिन्यांचं येणार की दीड वर्षाचं, कोणाला माहीत. मग एका दुपारी ऑफिसात संदेश आला. फोटो, थोडी माहिती, आणि हो म्हणायला ४८ तास. आम्ही जिन्यातच हो म्हटलं.

ती पाच महिन्यांची होती. सगळ्या मैत्रिणींच्या याद्या मागवल्या आणि सगळ्या नवजाताच्या! लंगोट, वाळा, बोंडलं, कुंची, काही कामाचं नाही. संस्थेतल्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ती पिते तीच पावडर आणा, तीच बाटली, तेच निपल, बदलू नका. आणि तिथली एक चादर न धुता बरोबर देऊ, ती पण धुवायची नाही इतक्यात. झोपताना तिला तो वास लागतो. सगळ्या तयारीत ही एकच वस्तू अशी होती की जी आम्ही विकत आणलेली नव्हती.

बाळंतविडा कोणी आणला नाही. लोकांना कळेना, आणायचा असतो का. फक्त माझी धाकटी नणंद परातीत सगळं मांडून घेऊन आली, माझ्यासाठी साडी, खोबऱ्याची वाटी, डिंकाचे लाडूसुद्धा. म्हटलं अगं मला कशाला डिंक? म्हणाली, रात्रभर जागतेस ना, मग खा.

पावशेर_शेंगदाणे

नणंदेला माझा नमस्कार सांगा.

माया_नागपूर

अबोली 💛 चादरीचं कधी डोक्यातच आलं नसतं.

टेकाडावरची

माझी आई आशा वर्कर आहे, जव्हारकडे. तिच्या बाजूच्या पाड्यांवर यादी बिदी नसते. बाळ झाल्यावर ती घरी जाते, तिसऱ्या दिवशी, मग ७, १४, २१, २८ आणि ४२. वजनकाटा झोळीचा असतो तो बरोबर. थर्मामीटर. आई सांगते की ती गेल्यावर आधी बघते ते एवढंच, बाळ कोरडं आहे का, गुंडाळलेलं आहे का, आणि पाय गार लागतात का. बाकी घरात काय आहे नाही ते नंतर.

सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालेल्यांना २०१९ पासून बेबी केअर किट द्यायला लागले होते. त्यात मच्छरदाणी, ब्लँकेट, थर्मामीटर, नेलकटर वगैरे. आई म्हणते मच्छरदाणी सगळ्यात जास्त वापरली गेली. सॅनिटायझरचं काय करायचं ते बायका तिला विचारायच्या, मग कोविड आला आणि कोणी विचारेना.

दोडका

नेलकटर!! तान्ह्या बाळाची नखं कापणे हे माझ्या आयुष्यातलं सर्वात भीतीदायक काम होतं. बाळ झोपल्यावर, टॉर्च तोंडात धरून.

निवडुंग

आमच्याकडे आजी दातांनी कुरतडायची. नर्सताई नका बोलू काही.

डॉक_नाही_पण_नर्स

मी झोपलेय.

हिरवी_मिरची_ॲम्स्टरडॅम

कोणीच आईच्या पिशवीबद्दल लिहीत नाहीये! भाचीच्या शीटमध्ये आईचा रकाना आहे का? पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड (नेहमीचे पुरत नाहीत), सैल सुती चड्ड्या, लांब वायरचा चार्जर, स्ट्रॉ. स्ट्रॉ लिहून ठेवा, दूध पाजताना तहान लागते आणि हात दोन्ही अडकलेले.

सुगरण_चिमणी

आत्ता बघितलं. आईसाठी दोन ओळी आहेत. "गाऊन" आणि "डिस्चार्जचा ड्रेस, फोटोसाठी". फोन करते तिला.

कुंकवाचा_करंडा

सिझर झालं तर पोटावर घट्ट बसणारं काही नको, एवढं सांगा. आणि डोक्याला बांधायला मऊ रुमाल. त्याला नर्सताईंची हरकत नसावी.

शिवणकाम_आजी

उशिरा वाचते आहे. मी अजून कुंच्या शिवते, वय ७४. खणाची कुंची सगळ्यांना हवी असते, फोटोत छान दिसते, पण आतून मऊ मलमलचं अस्तर लावल्याशिवाय मी देत नाही. जरीचा कपडा बाळाच्या गालाला लागला की लाल होतो. लंगोटाला इलॅस्टिक घालू नका, नाडीच बरी, सैल करता येते. बंदाची टोकं लांब ठेवू नयेत, बोटाला गुंडाळतात. गोधडीला मध्ये जुनी चादर घाला, नवा कापूस नको, धुतला की गोळे होतात.

माया_नागपूर

आजी, ऑर्डर घेता का? नागपूरला पाठवाल?

शिवणकाम_आजी

आता फक्त ओळखीतल्यांना. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. पण कापायचं माप सांगते, वहीत आहे, नातवाला फोटो काढायला सांगते.

पावशेर_शेंगदाणे

आजी मापाचा वेगळा धागाच काढा ना प्लीज.

अबोली१७

अवांतर, पाळणा हवाय का कोणाला? सागवानी, कडीचा, ठाण्यात. आमच्या लेकीला झोळीच आवडली, पाळण्यात वर्षभर वर्तमानपत्रं होती. कडीचा हूक नीट तपासून घ्या फक्त. पैसे नकोत, घेऊन जा.

टेकाडावरची

मला चालेल! म्हणजे माझ्या वहिनीला. नोव्हेंबरची तारीख आहे. पण ती सासूला घाबरते, आधी आणू देणार नाहीत. तुमच्याकडेच ठेवाल का तोवर?

अबोली१७

ठेवीन की. वर्तमानपत्रं काढते.

निवडुंग

कोणीतरी अळिवाच्या लाडवाचं प्रमाण द्या हो, बायको चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी येतेय, आई गावाला अडकलीय आणि स्वयंपाकघरात मी एकटाच आहे.

सुगरण_चिमणी

अरे!! आणि तू इतका वेळ इथे पॉपकॉर्न खातोयस? अभिनंदन! मुलगा की मुलगी?

निवडुंग

मुलगी. टोपडं उलटं घातलं होतं, सिस्टरने सरळ केलं. लाडू सांगा आधी.

कुंकवाचा_करंडा

अळीव निवडून घे, नारळाच्या पाण्यात दोन तास भिजव. चांगले फुलतात, पातेलं मोठं घे. मग ओला नारळ आणि गूळ घालून मंद गॅसवर, चमचा सारखा फिरव, लागतं बुडाला. गोळा व्हायला लागला की जायफळ वेलची. गरम असतानाच वळायचे. पाक वगैरे काही नाही. आधी एक वाटी अळिवाचेच कर, खूप होतात. फोन जवळ ठेव, अडलं तर लिही, मी पोळ्या करतेय पण बघते मधे मधे.