विषय: दिग्रसकडच्या अकरा जणी, परतीचं विमान क्वालालंपूरहून, मग रिफंडचं काय?

प्रेषक: सुनंदा
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

सिंगापूरहून गावी आलेय, तिथूनच लिहितेय. ओसरीत रेंज येत नाही. गच्चीवर कापसाच्या गाठोड्याला टेकून बसलेय, म्हणून मुद्द्याचं तेवढंच.

वहिनींच्या ग्रुपचं पक्कं झालं. ५ डिसेंबर, अकरा जणी. (त्याच, ज्यांच्या बिबड्या आपण गणपतीत दोन दिवसांत संपवल्या.) एजंटचा कागद आज हाती आला. मुंबई ते सिंगापूर, तिथे चार रात्री, मग बसनं मलेशिया, तीन रात्री, आणि परतीचं विमान क्वालालंपूरहून. म्हणजे खरेदी सगळी सिंगापुरात आणि बाहेर पडणार वुडलँड्सच्या पुलावरून. पुलावरून गेलं की जीएसटीचा रिफंड मिळत नाही ना? मला तसंच आठवतं, पण वहिनींना सांगायच्या आधी खात्री हवी. एजंटनं त्यांना "नऊ टक्के वापस भेटते" असं सांगून ठेवलंय आणि सगळ्यांनी वहीत तसा हिशोब मांडलाय.

लवकर सांगा. उद्या ॲडव्हान्सचा दुसरा हप्ता द्यायचा आहे.

सुनंदा


प्रेषक: देशमुख काका
रविवार, १६ नोव्हेंबर

सुनंदा, तुझं बरोबर आहे. रिफंड विमानानं निघणाऱ्या पर्यटकाला, सिंगापूरच्या चांगी किंवा सेलेतार विमानतळावरून. वुडलँड्स किंवा तुआसच्या नाक्यावरून बसनं गेलं की एक सेंटही नाही. पुढे क्वालालंपूरच्या विमानतळावर सिंगापूरची पावती कोणी पाहत नाही. मलेशियाचा स्वतःचा जीएसटी २०१८ सालीच गेला, त्यामुळे तिकडच्या खरेदीवरही असा परतावा नाही.

हे सगळं मंडळाच्या खरेदीच्या पानावर मी लिहून ठेवलं आहे. नवीन मेल टाकण्याआधी पान पाहावं, ही विनंती मी कोजागिरीच्या वेळीही केली होती.

देशमुख


प्रेषक: नीता
रविवार, १६ नोव्हेंबर

> हे सगळं मंडळाच्या खरेदीच्या पानावर

काका, पानावर जीएसटी अजून ८ टक्के आहे. १ जानेवारी २०२४ पासून ९ झाले. मी दोनदा दुरुस्ती पाठवली. पान तुमच्याच लॉगिननं उघडतं, म्हणून मला बदलता आलं नाही. माहिती मंडळाची आहे, ती दोघातिघांच्या हाती असावी, असं वार्षिक सभेत ठरलं होतं.

नीता


प्रेषक: अभय
सोमवार, १७ नोव्हेंबर

एवढं कशाला? त्या मंडळी मुस्तफाच्या मोठ्या दुकानात मनासारखं घेऊ देत, बिल माझ्या नावानं करू. मी पुढच्या महिन्यात नागपूरला जाणारच आहे, चांगीहूनच. रिफंड मी घेतो आणि पैसे वहिनींना पाठवतो.

अभय


प्रेषक: देशमुख काका
सोमवार, १७ नोव्हेंबर

अभय, असं अजिबात करू नकोस. तू इथे वर्क पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आहेस, तुला ही योजना लागूच नाही. पीआर (इथले कायमचे रहिवासी) आणि नागरिक यांनाही नाही. जो पर्यटक आहे त्यानंच खरेदी करायची, त्याचाच पासपोर्ट दुकानात दाखवायचा आणि माल घेऊन त्यानंच दोन महिन्यांच्या आत निघायचं. दुसऱ्याच्या नावानं दावा केला तर तो खोटा दावा ठरतो. आपल्या यादीवर असे सल्ले नकोत, नवीन आलेली मुलं वाचत असतात.

नीता, पानाचं नंतर बोलू.


प्रेषक: शुभांगी
सोमवार, १७ नोव्हेंबर

विमानानं गेलं की रिफंड मिळालाच, असंही समजू नका. आमचं सांगते.

मागच्या वर्षी सासूबाई-सासरे आर्णीहून आले होते. दिरासाठी कॅमेरा आणि दोन घड्याळं घेतली, सगळं मिळून ६४० डॉलर. पावत्या एका पाकिटात, पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत, सगळं कसं नीट. सामान हरवायला नको म्हणून सासूबाईंनी कॅमेरा मोठ्या बॅगेत, लुगड्याच्या घडीत ठेवला. आम्ही आधी रांगेत लागून बॅगा पट्ट्यावर सोडल्या आणि मग रिफंडच्या मशीनकडे गेलो. मशीननं पासपोर्ट वाचला, तिन्ही वस्तू पडद्यावर आल्या आणि खाली ओळ आली की माल कस्टम्सच्या खिडकीवर दाखवा. दाखवणार काय? बॅग गेलेली. सासूबाई पट्ट्याच्या त्या काळ्या झालरीकडे पाहत राहिल्या. मला म्हणाल्या, "परत नाही का बोलावता येत तिले?"

६४० मध्ये जीएसटीचे ५२ डॉलर होते. चूक सर्वस्वी माझी, मी दहा वर्षं इथे राहते. म्हणून सांगते: माल मोठ्या बॅगेत असेल तर मशीन आधी, चेक-इन नंतर.

शुभांगी


प्रेषक: विनय
सोमवार, १७ नोव्हेंबर

शुभांगीताई, कॅमेऱ्याचं वाचून वाईट वाटलं.

वहिनींच्या यादीत राइस कुकर असेल तर सिंगापूरचाच घ्यायला सांगा. इथली वीज २३० व्होल्ट, गावचीही तीच, फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदलून घ्यायचा. माझ्या काकांनी जपानहून हौसेनं कुकर आणला होता. तिकडची वीज १०० व्होल्टची. आर्वीला घरी लावला आणि भात शिजायच्या आत कुकरमधून धूर. काकूनं तो डबा म्हणून वापरला, त्यात तुरीची डाळ असायची.

टीव्हीचा मोह मात्र नको. २०११ मध्ये मी स्वतः ३२ इंची टीव्ही नेला होता, तेव्हा सवलतीत बसत होता. ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याच्या टीव्हीवर पहिल्या रुपयापासून ड्यूटी आहे.

विनय


प्रेषक: सुनंदा
मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. काल हप्ता दिला नाही, थांबवला.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनींकडे सगळ्या जमल्या. अकरा पासपोर्ट कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या थैलीत, रबर लावून. वहिनींनी ते खाटेवर पसरले आणि मी वहीच्या मागच्या पानावर पूल काढून दाखवला. इकडे सिंगापूर, इकडे मलेशिया, मधी पाणी. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शेवंताबाई म्हणाल्या, "पूल असते म्हनून आमाले कोनी सांगतलंच नाही. मी तं त्या पैशात नातवाची सायकल धरली होती."

अभय, "एवढं कशाला" असं तुम्ही म्हणालात, म्हणून हिशोब लिहिते. प्रत्येकीनं साधारण ४०० डॉलर बाजूला काढलेत. लेकीच्या लग्नातलं जावयाचं घड्याळ, मुलाला फोन, बाम, कुऱ्हाडीच्या चित्राचं तेल, चॉकलेटं. ४०० मधला जीएसटी ३३ डॉलर (४०० चे नऊ टक्के नव्हे, किमतीत तो आधीच धरलेला असतो, एजंटनं हेही चुकीचंच सांगितलं). अकरा जणींचे ३६३. त्यातून रिफंडवाल्यांचं शुल्क जाईल, तरी आजच्या भावानं वीस हजारांच्या वर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे आणि व्यापारी त्याच्या खालीच मागतोय. म्हणजे तीन क्विंटल कापूस पुलावर सोडून यायचा. इथे सकाळी सातला ओटी बांधून शेतात गेलेली बाई दिवसभरात किती किलो वेचते ते मी चार दिवस पाहतेय. मला हे पैसे सोडवत नाहीत.

आणि दुसरं. या बायकांना भाव कसा करायचा हे शिकवायची गरज नाही. रविवारच्या बाजारात वहिनींनी मेथीची जुडी उलटी करून आतली पानं पाहिली, मगच भाव विचारला. बुगिसच्या गल्लीत, चायनाटाउनात त्या आपल्यापेक्षा चांगला सौदा करतील. त्यांना अडतं ते कागदावर. कोणता शिक्का कुठे, कोणती रांग आधी, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही. तेवढं तर आपण करू शकतो.

आता नेमका प्रश्न. सहल उलटी फिरवली, आधी क्वालालंपूर, मग बसनं सिंगापूर, आणि परत चांगीहून, तर काही अडतं का? व्हिसाचं मला दिसत नाही. मलेशियाला आपल्या लोकांना सध्या व्हिसा लागत नाही, सिंगापूरला दोन्हीकडून एकदाच शिरायचं आहे. काही सुटत असेल तर सांगा. एजंटशी उद्या बोलते.

सुनंदा


प्रेषक: नीता
मंगळवार, १८ नोव्हेंबर

उलटी फिरवणंच योग्य. शिवाय खरेदीची ओझी मलेशियाभर बसमध्ये वाहावी लागणार नाहीत.

दोन गोष्टी वहिनींच्या वहीत लिहून दे. एक, एकाच दुकानात जीएसटी धरून किमान १०० डॉलर व्हायला हवेत. त्याच दिवसाच्या त्याच दुकानाच्या तीन पावत्या जोडता येतात, पण एकाच व्यक्तीच्या. शेवंताबाईंचे ६० आणि वहिनींचे ५० मिळून ११० होत नाहीत. म्हणून बाम-तेल-चॉकलेट चार दुकानांत चार दिवस न घेता प्रत्येकीनं एका दिवशी एका जागी घ्यावं.

दोन, मुंबईच्या कस्टम्सला माणशी ठरावीक रकमेपर्यंतचाच माल सुटतो, त्याच्या वरच्या मालावर ड्यूटी लागते. ही सवलतही दोघींची मिळून एक करता येत नाही. एकीच्याच बॅगेत तिघींचे फोन ठेवले तर तो माल तिचा धरला जाईल.

त्यांच्यापैकी कोणी सोन्याचं विचारलं का? माझ्या जावेनं विचारलं होतं म्हणून म्हणते.


प्रेषक: सुनंदा
मंगळवार, १८ नोव्हेंबर

विचारलं. लेकीचं लग्न असलेल्या काकू सिंगापूरहून गोफ आणायचं म्हणतायत.


प्रेषक: नीता
मंगळवार, १८ नोव्हेंबर

नको म्हण. इथे सिंगापुरात दागिन्यावर जीएसटी ९ टक्के, आपल्याकडे ३. आयातशुल्क जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हापासून बाहेरून सोनं आणण्यात पूर्वीचा फायदा उरला नाही. बाईला ४० ग्रॅम दागिन्यांची सूट असं लोक सांगतात, पण ती वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांना, आठ दिवसांच्या सहलीला नाही. काकूंना त्यांच्या नेहमीच्या सराफाकडेच घेऊ दे, उद्या डाग लागला, तुटला तर तो तरी समोर असतो.


प्रेषक: देशमुख काका
बुधवार, १९ नोव्हेंबर

पानावरचा आकडा ९ केला. नीता, तुला लॉगिन पाठवलं आहे. सोन्याचा भाग तू लिही, तो मला कधीच नीट जमला नाही. शुभांगीचा अनुभव नाव न घालता वर, पहिल्या ओळीत टाकतो. पुलाचा उल्लेख मी खाली बारीक अक्षरात ठेवला होता, तो वर घ्यायला हवा होता. एजंट लोक हीच दिशा विकतात हे लक्षातच आलं नव्हतं.

सुनंदा, सहल उलटी फिरवायला काही हरकत दिसत नाही.


प्रेषक: सुनंदा
गुरुवार, २० नोव्हेंबर

एजंटकडे यवतमाळला जाऊन आलो, वहिनी, शेवंताबाई आणि मी. तो आधी म्हणाला गाडी अशीच जाते. वहिनींनी विचारलं, तिकिटं काढली का? तिकिटं निघालीच नव्हती, नुसती नावं दिली होती. मग म्हणाला, उलट्या दिशेची गाडी २० जानेवारीला आहे. पैसे तेवढेच.

जानेवारीत तुरी सोंगायला येतात. त्यावरून परतीच्या एसटीत दिग्रस येईपर्यंत चर्चा. शेवटी दोघींच्या तुरी दीर सोंगून घेणार आहेत, आणि त्या बदल्यात उन्हाळ्यात त्यांच्या घरचे पापड-कुरड्या या दोघी करून देणार. अकराच्या अकरा येतायत. संक्रांतीचं हळदीकुंकूही उरकलेलं असेल.

आता मदत हवी ती अशी. शेवटच्या दिवशी चांगीला त्यांच्यासोबत मशीनजवळ उभं राहायला दोघं जण, विमानाच्या चार तास आधी. मी तेव्हा सिंगापुरात परत आलेली असेन, पण अकरा पासपोर्ट एकटीला झेपणार नाहीत. आणि मुस्तफात घेऊन जायला एक संध्याकाळ. राइस कुकर सात जणींना हवाय, विनय. प्लग बदलायला इथला वायरमन तयार आहे, फक्त पिना किती जाडीच्या ते त्याला आधी पाहायचंय. फोटो पाठवाल का?

सुनंदा


प्रेषक: शुभांगी
गुरुवार, २० नोव्हेंबर

चांगीला मी येते. बॅगा पट्ट्यावर मी असल्याशिवाय ठेवू देऊ नकोस.


प्रेषक: अभय
गुरुवार, २० नोव्हेंबर

दुसरा मी. मुस्तफालाही येतो, सामान उचलायला.